भरल्या टाकीचं वजन

आमच्या घरात गाडीची टाकी अर्ध्याच्या वर कधी भरत नाहीत. मी गाडी शिकले तेव्हा क्लच आणि ब्रेकच्या आधी मला हे शिकवलं गेलं. पंपावरचा माणूस "फुल करू का?" म्हणाला की माझा हात आपोआप आडवा होतो. नको, अर्धीच. लोकांना वाटतं पगार झाला नसावा. वाटू दे.

हा नियम काकांचा. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. घरात आम्ही तीनच माणसं: खाली आई आणि मी, वरच्या खोलीत काका. वडील मी रांगत असताना अपघातात गेले. काकांनी लग्न केलं नाही. विधवा वहिनी आणि बिनलग्नाचा दीर एका घरात राहतात म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांच्या जिभेला काही वर्षं चांगलं काम मिळालं. पुढे काकांचं टक्कल पडलं आणि आईचे गुडघे गेले, तेव्हा त्या बिचाऱ्या कंटाळून गप्प बसल्या.

काका गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात ड्रायव्हर होते. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ती एका लिटरमागे किती जाते, हे चालवून बघायचं, हेच त्यांचं काम. कारखान्याच्या मागे लांबट गोल रस्ता आहे. त्यावर दिवसभर एकाच वेगानं फिरायचं. माणसांऐवजी सीटवर वाळूची पोती ठेवायची आणि त्यांना पट्टे बांधायचे. ड्रायव्हर लोक त्या पोत्यांना पाहुणे म्हणत. "आज मागे तीन पाहुणे आहेत" असं काका सांगायचे तेव्हा लहानपणी मला खरंच वाटायचं की कुणीतरी मोठी माणसं येऊन बसत असतील. गाडी फिरून आली की नळीनं उरलेलं पेट्रोल काचेच्या मापात काढायचं. बाकीचे ड्रायव्हर धार थांबली की नळी काढत. काका शेवटचा थेंब पडेपर्यंत खाली वाकून, डोळा मापाच्या रेघेला लावून उभे राहत. म्हणून तिथे त्यांचं नाव थेंबमास्तर.

आकड्याच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. तत्त्व वगैरे काही नव्हतं, डावखुऱ्याला उजव्या हातानं लिहिता येत नाही तसंच ते. शेजारच्या काकूंनी एकदा लाडात येऊन विचारलं, "माझं वय किती वाटतं हो?" यांनी दोन मिनिटं त्यांच्या मानेकडे बघितलं आणि बरोबर सांगितलं. त्या काकू नंतर आमच्याकडे विरजण मागायलाही आल्या नाहीत.

असा माणूस घरात सांगायचा की भरल्या टाकीनं गाडी जड होते आणि पेट्रोल जास्त पिते. मग कोण कशाला शंका घेणार?

पण हे सांगायची एक वेळ होती, आणि ती वेळ मला कधी आवडली नाही.

दिवेलागणीला आई कधीकधी मध्येच थांबायची. भाजी चिरत असली तर सुरी तशीच राहायची, वह्या तपासत असली तर पेन तसंच. ती शाळेत गणित शिकवायची, घरी वह्यांचा ढीग असायचा. मान थोडी वर करून ती दाराकडे बघायची. मला कळायचं, हॉर्न. आम्हाला कुणाला ऐकू यायचा नाही. तिला यायचा. दोन आखूड आणि एक लांब, असं ती सांगायची. वडील तसा वाजवत. गल्लीत गाडी नसायची, कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही, आणि तरी ती बसल्या जागी पांढरी व्हायची. मग हाक मारायची, "भाऊजी, जरा खाली या."

काका जिना उतरून यायचे. आई मला जवळ ओढून बसवायची आणि म्हणायची, "सांगा परत."

काका सांगायचे. दादानं दुपारी गाडीची टाकी तोंडापर्यंत भरली होती. भरली टाकी म्हणजे मागच्या सीटवर शाळेतलं एक पोर बसवल्यासारखं. गाडी जड, त्यात वर घाट. म्हणून दोन लिटर जास्त गेलं. दादा इथून निघाला तो सरळ घाटात गेला. मध्ये कुठे वळला नाही, परत आला नाही. मला पटावं म्हणून ते पाण्याचा डबा आणायचे. आधी अर्धा भरून माझ्या हातात द्यायचे आणि दारापर्यंत चालायला लावायचे, मग पूर्ण भरून. पूर्ण भरलेल्या डब्यानं माझा हात खांद्यापासून ओढला जायचा. "बघ, दमलीस की नाही? गाडीही दमते." आई माझ्याकडे बघत असायची. माझी मान हलली की तिच्या तोंडावर रंग यायचा आणि ती परत भाजीकडे वळायची.

झालं होतं ते असं. वडिलांना मित्रांबरोबर घाटावरच्या बंगल्यावर दोन दिवस जायचं होतं. मला ताप होता. आई म्हणाली, जाऊ नका. ते म्हणाले, शब्द दिलाय. शब्दानं शब्द वाढला. शेवटी आई म्हणाली, "जायचंच असेल तर जा, परत पाऊल टाकू नका या घरात." असं तर आपण सगळेच म्हणतो. मी स्वतः माझ्या आईला 'परत येणार नाही' असं चारदा म्हणाले असेन. पण आमच्या घराण्यातल्या पुरुषांचा राग नाकावर. ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घाटातल्या एका वळणाखाली झाडीत अडकलेली सापडली. बंगल्यावर ते पोचलेच नव्हते. गाडी खाली केव्हा गेली, दुपारी की रात्री, कुणी पाहिलं नव्हतं. किलोमीटरचा काटा तर कित्येक महिने बंद होता. वडील म्हणायचे आज करतो, उद्या करतो. त्यामुळे गाडी किती फिरली याला एकच साक्षीदार उरला होता, तो म्हणजे टाकीत उरलेलं पेट्रोल.

आणि आईचं म्हणणं होतं की त्या दिवशी संध्याकाळी दारात हॉर्न वाजला होता; काका तेव्हा कामावर होते.

ते आले होते की नव्हते, एवढाच प्रश्न. आले असतील तर कुणी दार उघडलं नाही म्हणून परत फिरले आणि अंधारात घाट चढले. आले नसतील तर आईनं ऐकला तो भास. मी मोठी झाले ती या प्रश्नाच्या शेजारी झोपून. त्यावर काकांचं उत्तर होतं म्हणून झोप लागायची.

काका निवृत्त झाले तेव्हा कारखान्यात त्यांना निरोप दिला. मी सुट्टी काढून गेले. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. एरवी सुट्टी मागितली की आमचे डॉक्टर असं तोंड करतात जसं मी त्यांचंच हाड मोडायला निघालेय. पण थेंबमास्तरांचा निरोप म्हटल्यावर सोडलं. पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीला टेकून वाळूची पोती बसली होती. एका पोत्याला कुणीतरी टोपी घातली होती. भाषणं झाली, हार झाले. मग म्हणाले, घरच्यांनीही दोन शब्द बोलावे.

मी उठले आणि म्हणाले, "काकांनी घरातही कारखाना चालवला. आमच्याकडे आजही टाकी अर्ध्याच्या वर भरत नाहीत. भरल्या टाकीनं मायलेज पडतं, हे मला बाराखडीच्या आधी पाठ झालं."

शेड हसलं. कौतुकानं हसतात तसं नाही, मी एखादा विनोद केला असं. टायर विभागातले एक जाडे गृहस्थ तर खुर्चीवरून पडायचे बाकी होते. ते डोळे पुसत म्हणाले, "थेंबमास्तर, घरी पण फिरकी घेता का हो? पोरी, याच माणसानं फुल, अर्धी, पाव, सगळ्या टाक्या फिरवून आम्हाला दाखवलंय. शंभर थेंबांत एखाद्याचा फरक. वारा फिरला तरी त्याहून जास्त पडतो. नवा ड्रायव्हर टाकीचं निमित्त सांगायला लागला की हे म्हणायचे, टाकीला बोल लावू नकोस, पायाला लाव!"

मी काकांकडे बघितलं. ते गळ्यातल्या हाराचा दोरा बोटाला गुंडाळत होते. ते हसत नव्हते. मीही खाली बसले.

परत येताना ते गाडी चालवत होते, नेहमीसारखी, पायाखाली अंडं ठेवल्यासारखी. मी म्हणाले, "काका, शंभरात एक?"

त्यांनी गिअर बदलला.

"आठ लिटर जायला हवं होतं, दहा गेलं. हे मला पाठ आहे. मग वरचे दोन लिटर कुठे गेले?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. बंद पडलेल्या एका गॅरेजसमोर आम्ही थांबलो. भर दुपार होती. त्यांनी इंजिन बंद केलं, दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले आणि समोर बघत बोलायला लागले.

"गाडी पोलिसांच्या आवारात आणून ठेवली होती. पुढचा भाग चेपलेला, मागचा शाबूत. टाकीला ओरखडा नव्हता. मी नळी घातली आणि मोजलं. लोक म्हणाले, काळीज आहे की दगड, सख्ख्या भावाला अजून घरी आणलं नाही आणि हा पेट्रोल मोजतोय. पण सगळे रडत होते गं, मला दुसरं काही करता येत नव्हतं."

"मग?"

"घरी आलो. वहिनी दारात उभी. तुला काखेत घेऊन. विचारलं, भाऊजी, ते संध्याकाळी आले होते का? मी म्हणालो, नाही. म्हणाली, कशावरून? मग म्हणाली, टाकीत किती उरलं होतं? आणि मी सांगून बसलो."

"खरा आकडा?"

"खरा."

माझं डोकं फिरलं. "अहो, दोन लिटर वाढवून सांगायचं होतं! कोण तपासायला येणार होतं?"

"सुचलंच नाही. कुणी आकडा विचारला की तोंडातून आकडाच येतो. दादा टाकी भरून निघाला हे तिला ठाऊक होतं, आणि ती गणिताची बाई. उभ्या उभ्या भागाकार केला. म्हणाली, दोन लिटर जास्त गेलंय. म्हणजे वीस किलोमीटर. म्हणजे दहा किलोमीटर जाऊन परत आले होते." काकांनी ओठांवरून हात फिरवला. "तिचा चेहरा मी बघितला. तसा चेहरा मी वाळूच्या पोत्याचासुद्धा बघू शकलो नसतो. आणि मी म्हणून गेलो, टाकी फुल होती वहिनी, जड गाडी जास्त पिते. आकडा फिरवता आला नाही, म्हणून नियम फिरवला."

"आणि तिनं ऐकलं?"

"ती खाली बसली. पाणी मागितलं. बातमी आल्यापासून घशाखाली थेंब गेला नव्हता. मग मी कशाला परत उलटं सांगू?"

एकदा बांध फुटल्यावर त्यांनी सगळंच सांगून टाकलं. रविवारी ते सकाळी गाडी घेऊन जात आणि दुपारी येत. मला वाटायचं काकांचं कुठंतरी जमलंय, आणि मी मनातल्या मनात त्या बाईला साडीसुद्धा घेऊन ठेवली होती. बाई नव्हती, घाट होता. त्यांनी वडिलांच्या गाडीसारखीच जुनी गाडी मुद्दाम शोधून घेतली होती. वेशीबाहेरच्या पंपावर ती तोंडापर्यंत भरायचे, त्या वळणापर्यंत जायचे, तिथे उतरून मोजायचे. घरी यायच्या आधी टाकी परत अर्धी करायचे. वर्षानुवर्षं. आपण सांगितलेलं खोटं एखाद्या रविवारी खरं निघेल म्हणून.

"काचा उघड्या ठेवून बघितलं. चुकीच्या गिअरमध्ये चढवून बघितलं. समोरून वारा सुटलेला दिवस बघून गेलो. एकदा टायरमधली निम्मी हवा काढली आणि गेलो, तेव्हा दीड लिटर जास्त गेलं. मी त्या वळणावर एकटा नाचलो."

"मग तसंच झालं असेल! टायर बसले असतील बाबांच्या गाडीचे."

"दादाच्या टायरमध्ये आदल्या दिवशी मीच हवा भरली होती," काका म्हणाले. "आणि अजून एक. दिव्याचं बटण ओढलेलं होतं. म्हणजे अंधार पडला होता. दुपारी गेला असता तर दिवे कशाला लावले असते? मी ते बटण आत ढकललं. कुणाच्या लक्षात यायच्या आत."

मी माझ्या बाजूची काच खाली केली. गाडीत ऊन भरलं होतं.

शेवटी ते म्हणाले, "माझ्यामागे तिला कोण सांगणार? तुला सांगावं लागेल."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. मला इतका राग आला होता की आवाज फाटला. "ते आले होते. माझे बाबा दारात आले होते. तिला हॉर्न ऐकू आला होता आणि तिनं दार उघडलं नाही. आणि तुम्ही जन्मभर तिच्यासाठी डबे भरत बसलात! खरं काय ते मी तिला सांगणार."

"सांग," काका म्हणाले. "पण आधी एकदा तिच्या समोर बसून बघ."

त्याच संध्याकाळी आईनं हाक मारली. काका उतरून आले. हार अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, भरली टाकी, जड गाडी, चढ, दोन लिटर. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आईनं मात्र बघितलं. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. जेवायला मी आले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी आईशी धड बोलत नव्हते. मी चहा दिला तरी कप आपटायचे. ती काही विचारायची नाही. ती आधीच कमी ऐकायला लागली होती, त्यामुळे माझं पुटपुटणं तिच्यापर्यंत पोचत नसावं. दाराची घंटा तिला ऐकू यायची नाही. फोन शेजारी ठणाणा करायचा आणि ही शांतपणे मटार सोलत बसायची. कानात घालायचं यंत्र आणून दिलं, ते कपाटात आपली डबी धरून बसलं. पण दिवेलागणीचा हॉर्न तिला अजून तसाच ऐकू येत होता. उलट बाकीचे आवाज गेल्यामुळे तो जास्तच स्पष्ट येत असावा.

थंडीत काका गेले. सकाळी दाढी करताना खाली बसले ते उठलेच नाहीत. आरशावर फेसाचे शिंतोडे होते. मी काही बोलले नव्हते त्यांच्याशी आदल्या दिवशी. त्याआधीही फारसं नाही. ते असो.

घर गप्प झालं. जिना वाजायचा थांबला. मी कामावर जायचे, दिवसभर लोकांची हाडं बघायचे. आमच्या कामात एक शिस्त आहे. फिल्मवर काय दिसतं ते आम्हाला कळतं, पण सांगायचं डॉक्टरनं. समोर बसलेला माणूस कळवळून विचारतो, ताई, काय दिसतंय? आपण म्हणायचं, डॉक्टर सांगतील. मला हे चांगलं जमतं. बाहेर जमतं, म्हणून घरात जमेलच असं नाही.

एका संध्याकाळी मी आले तेव्हा आई दाराशी उभी होती. बाहेर बघत नव्हती, बंद दाराकडे तोंड करून उभी होती. दिवा लावलेला नव्हता. तिचा हात कडीपासून वीतभर अलीकडे थांबला होता. मी मागच्या दारानं आले होते. तिला माझी चाहूल लागली नाही.

मी समोर गेले तेव्हा ती दचकली. मग जिन्याकडे बघितलं आणि हाक मारण्यासाठी तोंड उघडलं. वर कुणी नाही हे तिला तोंड उघडल्यावर आठवलं. ते उघडं तोंड मी विसरणार नाही.

"हॉर्न?" मी विचारलं.

तिनं मान हलवली.

मी तिला खुर्चीत बसवलं. समोर बसले. मनात म्हटलं, आता. एकदाचं सांगून टाकू, काय व्हायचं ते होऊ दे. तिच्या कानाजवळ तोंड नेऊन मी मोठ्यानं म्हणाले, "आई, तू दार का उघडलं नाहीस?"

ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"त्या दिवशी. हॉर्न वाजला तेव्हा. राग होता म्हणून?"

"हो," ती म्हणाली. "राग होता."

इतक्या पटकन म्हणाली की मला ते खोटं आहे हे कळलं. घाईघाईनं 'कुठे दुखत नाही' म्हणणारे रोगी मी रोज बघते.

"आई, खरं सांग. काकांनी मला सगळं सांगितलंय. टाकीचं ते काही खरं नाही. बाबा आले होते. तू दार का उघडलं नाहीस?"

तिनं माझा हात धरला. "भाऊजींनी तुला सांगितलं? तुला?" ती दोनदा म्हणाली. "तुला नव्हतं सांगायचं. तुला कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं."

"माझं काय त्यात?"

मी हात सोडला नाही. मी हट्टी आहे, बापाच्या वळणावर गेलेय. बाहेर पूर्ण अंधार झाला तेव्हा ती बोलली, आणि बहिऱ्या माणसासारखी फार मोठ्यानं बोलली, भिंतीपलीकडेही गेलं असेल.

"मी उठले होते गं. पहिल्याच हॉर्नला उठले होते. राग कसला, तू तापात होतीस, मी त्यांची वाटच बघत होते. कडीला हात लावला होता मी. आणि मागे तू किंचाळलीस. खाटेवरून पडलीस. मी मागे धावले, तुला उचललं, तू निळी पडली होतीस, श्वास धरून ठेवला होतास. मी पाठ थोपटली, तोंडावर पाणी मारलं. तू परत रडायला लागलीस तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मग दाराकडे गेले. तोवर गाडी गेली होती."

मी उठून दिवा लावला.

"त्यांना वाटलं असेल मी रुसून बसलेय. उतरून दार वाजवायचं ना! पण आता पाऊल टाकू नका असं मीच म्हणाले होते. शब्द पाळला त्यांनी." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग एकदम तिला आपण काय बोलून गेलो ते कळलं. ती घाबरली. माझ्या आईला मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, हॉर्न ऐकतानाही नाही. "पण ते आलेच नव्हते," ती म्हणाली. "ऐकतेस ना? तुझ्या रडण्याचा काही संबंध नाही. टाकी भरलेली होती. भाऊजींनी स्वतः मोजलं होतं."

तेव्हा मला कळलं की दर वेळी मला जवळ ओढून का बसवलं जायचं. गणित शिकवणाऱ्या बाईला शंभरात एक कळत नव्हतं होय? तिला पहिल्या दिवशी, पाणी पिऊन झाल्यावर लगेच कळलं असणार. भाऊजींना वाटलं ते वहिनीला वाचवतायत. वहिनीनं ते खोटं उचललं आणि मला झाकायला वापरलं. जगात दुसऱ्या कुणी हिशेब केला तरी आपल्या पोरीनं कधी तो करू नये, म्हणून. मी निळी पडले नसते तर ते दार उघडलं असतं. हे एक वाक्य माझ्या कानावर पडू नये म्हणून दोन माणसांनी, त्यातल्या एकानं नकळत, आयुष्यभर अर्धी टाकी फिरवली.

"काका आकडा कधी चुकीचा सांगत नसत," मी म्हणाले. दुसरं काही खरं मला बोलता येईना.

"नाहीच," आई म्हणाली. तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, ताप बघतात तसा.

त्या संध्याकाळपासून आईला हॉर्न ऐकू येत नाही. दिवेलागणीला ती निवांत बसते, मटार सोलते, माझ्या केसांत तेल घालते. तिच्या मनावरचं उतरलं असावं. चांगलंच झालं, मला तिच्यासाठी बरंच वाटतं.

आता तो मला ऐकू येतो. मी पूर्वी कधी तो ऐकलाच नव्हता, तरी ओळखता आला. दोन आखूड, एक लांब. कामावरून येऊन चपला काढत असते, किंवा गॅसपाशी उभी असते, आणि दारात गाडी थांबते. मी जागच्या जागी उभी राहते. कडी काढायला हात पुढे जात नाही, आणि मागे कुणीतरी किंचाळेल अशी धास्ती वाटते. मी आईला काही सांगत नाही, पण तिला दिसतं. ती हातातलं काम ठेवते, गुडघ्यावर हात टेकत उठते, माझा हात धरून मला खुर्चीत बसवते आणि बहिऱ्यांच्या त्या मोठ्या आवाजात पहिल्यापासून सांगायला लागते, की तुझ्या बाबांनी त्या दुपारी टाकी तोंडापर्यंत भरली होती, गाडी जड होती, वर चढ होता. एका लिटरचं वजन किती असतं ते मला माहीत आहे. पण मी तिला मध्ये तोडत नाही. तिचं सांगून संपेपर्यंत मी लहान मुलीसारखी तिच्याकडे बघत बसते.